बांगडा क्रमांक एकशे बारा

बर्फाच्या कारखान्यात माझं काम आकड्यांचं.
कुठल्या बोटीने किती लाद्या नेल्या,
कुणाची उधारी अजून वितळायची आहे.
रात्री साडेनऊला शेवटचा टेम्पो
नाट्याचा चढ चढून गेला
की वहीखालून टॅब काढते.
भाच्याचा जुना. डाव्या कोपऱ्यात तडा.
तिथे रेघ नेली की अडखळते,
म्हणून त्या कोपऱ्यात मी नुसतं पाणी ठेवते.

रोज एक बांगडा.
ठरवलं तेव्हा सोपं वाटलं होतं :
पाठ निळी, पोट चंदेरी, वर नागमोडी पट्टे.
पहिले वीस तर
भाकरीला डोळा लावल्यासारखे.
नावं देत नाही, नंबर टाकते, कारखान्याची सवय.
चाळिसाव्याचा कल्ला उघडला.
सत्तराव्याला कळलं की निळा हा निळा नसतोच,
मेलेल्या बांगड्याच्या पाठीत
तासातासाला कुणी चिमूट चिमूट राख मिसळत असतं.
फोटोवर पेन टेकवलं की रंग उचलता येतो.
येतो, पण खोटा.
मग खराच मासा लादीवर ठेवला, ट्यूबलाइटखाली,
एक डोळा त्याच्यावर, एक स्क्रीनवर.
ओल्या बोटांना स्क्रीन ओळख देत नाही.
पुसायची, काढायचं, पुन्हा पुसायची.
ओढणीला मिठाचा खर.

चुकलं की दोन बोटं टेकवायची,
रेघ आल्या वाटेने परत जाते.
शाळेत कागद एकच मिळायचा, पाठपोट,
आणि खोडरबराने भोक पडलं की
ते भोकच चित्र.
इथे एका डोळ्यासाठी मी एकतीस वेळा मागे आले,
कागद तसाच,
ओहोटीनंतरच्या पुळणीसारखा.

बशीरचाचा होडेकर बोटींवर नावं घालतात.
कुणाचे तरी बर्फाचे पैसे द्यायला आले, टॅब दिसला.
पेन घेतलं, एक लांब रेघ ओढली,
नाळेवरून खाली उतरते तशी,
आणि वाकून तिच्यावर फुंकर घातली.
वाळायला.
मी हसले. तेही हसले, जरा उशिरा.
मग त्यांना दोन बोटांचं दाखवलं.
रेघ गेली.
कोऱ्या पांढऱ्याकडे ते बघतच राहिले.
"चुकलेली जाते कुठे?"
मला माहीत नव्हतं.
"माझा एक ळ उलटा पडलेला," म्हणाले,
"बारा वर्षं दर्यात फिरला.
मासळी तरी आणायचाच."

नारळी पौर्णिमेच्या आधी चार दिवस उघडीप मिळाली.
किनाऱ्यावर बोटींची रंगरंगोटी, टर्पेंटाइनचा वास.
'गुलशन'च्या नाळेशी चाचांनी हातभर जागा सोडली होती.
"घाल तुझा."
ब्रशचे केस आखडलेले, डब्यावर साय धरलेली,
आणि फळी माझ्यापेक्षा उंच.
मी उलट्या टोपलीवर उभी राहिले.
पाठ आली.
पट्टे आले, एका दमात,
हाताला वाट ठाऊक असल्यासारखे.
पोटाला मी राख घालायला विसरले नाही.
डोळ्याशी टोपली हलली, ब्रश घसरला,
आणि मी, काही कळायच्या आत,
दोन बोटं टेकवली फळीवर.

थांबलेही. खरंच थांबले,
रेघ मागे जायची वाट बघत.

ओल्या निळ्यात दोन ठसे, शेजारी शेजारी,
एकात तर्जनीवरचा कोयतीचा जुना वण सुद्धा.
मी फडकं शोधत होते.
चाचा पुढे झाले, चष्मा कपाळावर सारला,
जवळून पाहिलं
आणि फुंकर घातली.

आता 'गुलशन' बर्फाला येते तेव्हा
तिचा तांडेल खिडकीतून ओरडतो,
"ताई, तीन डोळ्यांचा बांगडा कुठल्या पाण्यात गावतो?"
मी मान वर करत नाही.
लिहिते : गुलशन, लाद्या चौदा, रोख.
खाली, वहीच्या समासात,
एकशे तेराव्याची शेपटी
पेन्सिलने.